रेस, पेडल आणि तेल

पंजाने पेडल दाबलं की ट्रॅक्टर पुढे जातो, उलट बाजूला दाबलं की मागे येतो आणि पाय उचलला की जागेवर थांबतो. अमेरिकेत शहराबाहेर घराभोवती चार-पाच एकर जमीन असणारे लोक जे छोटे ट्रॅक्टर घेतात, त्यांतले बरेचसे असेच चालतात. ताकद साधारण २० ते ४० अश्वशक्ती. उन्हाळ्यात गवत कापायचं, हिवाळ्यात दारासमोरचं बर्फ हटवायचं, मधल्या काळात लोडरने माती, खडी, शेणखत इकडचं तिकडे करायचं. या कामांत दर मिनिटाला चार वेळा पुढे-मागे करावं लागतं. तिथे क्लच आणि गिअरपेक्षा हे एकच पेडल फार सोयीचं. या व्यवस्थेचं नाव हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन. बोलताना नुसतं ‘हायड्रो’ किंवा ‘एचएसटी’.

आता अडचण अशी की पेडल फक्त वेग ठरवतं. इंजिनची रेस ठरवायला हाताजवळ वेगळा दांडा असतो. तो कुठे ठेवायचा? पुष्कळ मालक तो खालीच ठेवतात. आवाज कमी, डिझेल कमी, आणि मनाला वाटतं की झीजही कमी. हळू फिरणारी वस्तू जास्त टिकते हा आपला रोजचा अनुभव आहे. पण ओझ्याच्या कामात, चढावर किंवा लोडर भरताना, हा हिशेब उलटा पडतो. कमी रेसमध्ये हायड्रोवर जास्त ताण येतो आणि तो लवकर जातो. असं का होतं हे समजायला तो डबा उघडून आत बघायला हवं.

आत दोन भाग असतात, पंप आणि मोटर. पंप इंजिनवर फिरतो, मोटर चाकांकडे ताकद देते, आणि दोघांमध्ये गिअर नसून तेल असतं. पंपाच्या पोटात एक जाड दंडगोल फिरतो. त्यात गोलाकार मांडलेली भोकं असतात, आणि प्रत्येक भोकात एक पिस्टन. सहसा सात किंवा नऊ. या पिस्टनची टोकं एका कलत्या तबकडीवर टेकून फिरतात. तिला स्वॉश प्लेट म्हणतात. जेवणाचं ताट एका बाजूने उचलून धरावं तशी ती कलते. तबकडी सरळ असेल तर पिस्टन नुसते गोल फिरतात, आत-बाहेर होत नाहीत, तेल पुढे जात नाही आणि ट्रॅक्टर उभा राहतो. ती थोडी कलली की प्रत्येक फेऱ्यात पिस्टन थोडेसे आत-बाहेर होतात आणि तेल ढकलतात. जास्त कलली की जास्त तेल. उलट कलली की तेल उलट्या दिशेने, म्हणजे ट्रॅक्टर मागे. तुमचं पेडल एवढंच करतं: ही तबकडी कलवतं.

पिस्टनचं टोक हातात घेऊन बघण्यासारखं असतं. त्याला पितळी रंगाचा एक छोटा बूट बसवलेला असतो. पिस्टनच्या पोटातून टाचणीएवढं बारीक भोक थेट बुटाच्या तळापर्यंत आलेलं असतं. त्या भोकातून दाबाखालचं तेल बुटाखाली येतं आणि बूट तबकडीपासून किंचित उचलून धरतं. म्हणजे धातू धातूला लागतच नाही, मध्ये तेलाचा पडदा असतो. हा पडदा काही मायक्रॉनचा. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज करा. दंडगोल ज्या सपाट चकतीवर घासत फिरतो, तिथेही असाच पडदा. पिस्टन आणि भोक यांच्यामध्येही तोच. हायड्रोचं सगळं आयुष्य या तीन ठिकाणच्या पडद्यांवर अवलंबून असतं. पडदा टिकला तर पंप हजारो तास चालतो. पडदा फाटला की पितळी बुटावर ओरखडे दिसायला लागतात, आणि एकदा ते सुरू झाले की त्यातूनच निघालेला कीस पुढचं काम बिघडवतो.

ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. हार्वे विल्यम्स आणि रेनॉल्ड्स जॅनी या दोघांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला असा तेलावरचा वेगबदल तयार केला आणि त्याचा पहिला मोठा उपयोग युद्धनौकांवरच्या तोफा हव्या तशा सावकाश वळवण्यासाठी झाला. शेतात यायला त्याला पुढे अर्धं शतक लागलं. १९५४ मध्ये इंग्लंडमधल्या सिल्सो इथल्या शेती-अभियांत्रिकी संस्थेने प्रयोगासाठी हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टर बनवला आणि १९६७ मध्ये अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने ‘६५६’ हा ट्रॅक्टर हायड्रोसह बाजारात आणला. मोठ्या नांगरणीच्या ट्रॅक्टरांत तो फारसा रुजला नाही, कारण गिअरच्या मानाने तेलात ताकद जास्त वाया जाते. छोट्या ट्रॅक्टरांत मात्र तो पक्का बसला.

आता रेसचा प्रश्न. एक साधं गणित करून बघू. समजा पंप पूर्ण कललेला असताना एका फेऱ्यात ३० घन सेंटिमीटर तेल ढकलतो. इंजिन मिनिटाला २,६०० फेरे फिरत असेल तर पूर्ण पेडलला मिनिटाला ७८ लिटर तेल मोटरकडे जाईल. रेस अर्धी केली, १,३०० वर आणली, तर ३९ लिटर. म्हणजे २,६०० वर अर्धं पेडल आणि १,३०० वर पूर्ण पेडल, दोन्हीत ट्रॅक्टरचा वेग सारखाच. वरून बघणाऱ्याला काहीच फरक दिसणार नाही.

आत मात्र फरक आहे. समजा चढामुळे तेलाचा दाब २०० बार झाला. पूर्ण कललेला पंप त्या दाबाला फिरवायला इंजिनने सुमारे ९५ न्यूटन-मीटरचा पीळ (टॉर्क) द्यायला हवा. अर्ध्या कललेल्या पंपाला त्याच दाबाला ४८ न्यूटन-मीटर पुरतात. २५ अश्वशक्तीचं इंजिन २,६०० फेऱ्यांवर साधारण ६८ न्यूटन-मीटर देतं, थोडं खाली उतरल्यावर फार तर जरा जास्त. म्हणजे चढ तोच, वेग तोच, लागणारी ताकद तीच, १३ किलोवॅटच्या आसपास. पण २,६०० वर इंजिन ते ओझं आरामात ओढेल आणि १,३०० वर घरघरून बंद पडेल.

यातून एक गोष्ट निघते, आणि हायड्रो चालवणाऱ्याने इतर काही नाही तरी एवढी लक्षात ठेवावी. हायड्रोचं पेडल म्हणजे एक्सलरेटर नव्हे, गिअर आहे. ते जास्त दाबणं म्हणजे वरचा गिअर टाकणं. मोटारगाडी चढावर दमली की आपण पाय आणखी दाबतो, आणि हाच सवयीचा पाय हायड्रोवर घात करतो. इंजिन दबायला लागलं की इथे पाय उचलायचा असतो. पेडल अर्धं सोडलं की तबकडीचा कल कमी होतो, इंजिनवरचा पीळ उतरतो, आणि तोच ट्रॅक्टर हळूहळू पण न थांबता चढ चढून जातो. काही नव्या ट्रॅक्टरांत हे काम यंत्रणाच करते: पेडल दाबलं की रेस आपोआप वाढते, किंवा इंजिन दबलं की तबकडीचा कल आपोआप कमी होतो. कंपन्यांना त्यासाठी वेगळी यंत्रणा बसवावी लागली, यावरूनच ही चूक किती सार्वत्रिक आहे ते कळतं.

इथे एक खुलासा करायला हवा, कारण याबाबतीत ऊठसूट चुकीचं सांगितलं जातं. रेस वाढवल्याने तेलाचा दाब वाढत नाही. दाब ठरतो चाकांपुढच्या अडथळ्यावर आणि तुम्ही लावलेल्या लो-हाय रेंजवर. मागच्या गिअरपेटीत रेंज हायवरून लोवर आणली आणि दोहोंतलं प्रमाण दोनास एक असेल, तर तेवढीच ओढ द्यायला मोटरला निम्माच पीळ लागतो आणि दाब २५० वरून १२५ बारवर येतो. लो रेंजमध्ये दुसराही फायदा आहे. ढिगात बकेट घुसवताना जोर फार झाला तर चाकं जागेवर घसरतात आणि पंप वाचतो. हाय रेंजमध्ये चाकं घसरण्याआधीच पंप आपल्या कमाल दाबाला जाऊन भिडतो.

दाब आणि फेरे यांत जास्त महाग काय, याचं उत्तर बेअरिंगच्या शास्त्रात आहे. स्वीडनमध्ये गुस्ताफ लुंडबर्ग आणि आर्विड पाल्मग्रेन यांनी १९४७ मध्ये बेअरिंगच्या आयुष्याचा नियम मांडला आणि आजही तोच पाया मानला जातो. बॉल-बेअरिंगवरचा भार दुप्पट केला की त्याचं आयुष्य आठपटीने घटतं. फेरे दुप्पट केले तर तासांत मोजलेलं आयुष्य फक्त निम्मं होतं. पंपातल्या बेअरिंगवर भार येतो तो मुख्यतः तेलाच्या दाबाचा. म्हणून रेस १,३०० वरून २,६०० केली याची धास्ती घेण्यापेक्षा, दिवसभर हाय रेंजमध्ये लोडर चालवला याची घ्यावी.

मग रेसचा झिजेशी संबंध येतो कुठे? तो येतो तेलाच्या पुरवठ्यात. मुख्य पंपाला सतत ताजं तेल पुरवणारा एक छोटा चार्ज पंप असतो. गळून गेलेल्या तेलाची भरपाई तो करतो, फिल्टरमधून गाळलेलं आणि थंड झालेलं तेल आत ढकलतो, आणि परतीच्या बाजूला थोडा दाब कायम ठेवतो म्हणून पितळी बूट तबकडीला चिकटून राहतात. हा पंपही इंजिनवरच फिरतो आणि त्याला पेडल नसतं. तो जेवढे फेरे फिरेल तेवढंच तेल देणार. एका फेऱ्यात ६ घन सेंटिमीटरचा चार्ज पंप २,६०० वर मिनिटाला साडेपंधरा लिटर तेल देतो आणि १,००० वर फक्त सहा. ओझं मोठं, दाब मोठा, म्हणून आतली गळती मोठी, आणि नेमक्या त्याच वेळी भरपाई तुटपुंजी. परतीच्या बाजूचा दाब फार उतरला की तेलात पोकळ्या तयार होतात, त्या दाबाखाली फुटतात आणि धातूचे कण उडवतात. रेस कमी असली की रेडिएटरचा पंखाही हळू फिरतो आणि त्यापुढे बसवलेल्या ऑइल कूलरला वारा मिळत नाही.

पडद्याचंही तसंच आहे. रिखार्ड श्ट्रिबेक याने १९०२ मध्ये बेअरिंगचं घर्षण मोजून दाखवलं की वेग, तेलाचा घट्टपणा आणि भार या तिघांवर पडदा ठरतो. वेग कमी, तेल पातळ आणि भार जास्त झाला की पृष्ठभाग एकमेकांना टेकायला लागतात. रेस खाली ठेवून गरम ट्रॅक्टरने चढ चढणं म्हणजे या तिन्ही गोष्टी एकदम करणं. शिवाय तबकडी पूर्ण कलली की पिस्टनला बाजूने बसणारा रेटा वाढतो. कोन निम्मा ठेवला तर तो रेटाही जवळपास निम्मा.

म्हणून रेस सदोदित वर ठेवावी का? तसंही नाही. पंप कमी कलला असताना त्याची कार्यक्षमता घसरते, कारण सगळे भाग फिरत राहतात, तेल घुसळत राहतं आणि काम थोडंच होतं. रिकामा ट्रॅक्टर सपाट रस्त्यावरून न्यायचा असेल, मोकळी ट्रॉली हलवायची असेल, तर मधली रेस आणि जास्त पेडल हेच बरं, डिझेलही वाचतं. दाबच नसतो, त्यामुळे पडद्याला धोका नसतो. गवत कापायला किंवा रोटावेटरला मात्र पर्याय नसतो. अवजार फिरवणारा दांडा, म्हणजे पीटीओ, मिनिटाला ५४० फेऱ्यांवर चालायला हवा आणि त्यासाठीची इंजिनची रेस मीटरवर खूण करून दाखवलेली असते. ती खूणच अशा कामांत हायड्रोलाही मानवते.

रेस वाढवली की हायड्रो जो चिरकणारा सूर काढतो, त्याने बरेच लोक घाबरतात. नऊ पिस्टनचा पंप २,६०० फेऱ्यांवर सेकंदाला ३९० वेळा तेल ढकलतो आणि तोच तो सूर. तो स्थिर असेल तर काळजी नको. ढिगाला टेकल्यावर सूर बदलून करकर-चीं असा आवाज येत असेल तर मात्र सुरक्षा-झडप उघडली आहे. तिथे पाय ताबडतोब उचलावा, कारण आता चाकं हलत नाहीत आणि इंजिनची सगळी ताकद तेल तापवण्यात जाते. अशा वेळी १० किलोवॅट उष्णता २० लिटर तेलात गेली तर ते मिनिटाला १८ अंश तापतं. पंप आणि मोटर यांच्यामध्ये फिरणारं तेल तर याहून किती तरी कमी असतं, ते आणखी भरभर तापतं.

उष्णता हा हायड्रोचा खरा शत्रू. ४६ नंबरचं हायड्रॉलिक तेल ४० अंशांवर जेवढं घट्ट असतं, त्याच्या जेमतेम सातव्या हिश्शाइतकं ते १०० अंशांवर उरतं. तेल पातळ झालं की फटींतून गळती त्याच प्रमाणात वाढते. आणि फटीचा नियम तर फारच कठोर आहे: फट दुप्पट झाली की गळती आठपट. झिजलेला हायड्रो म्हणूनच विशिष्ट पद्धतीने वागतो. सकाळी थंड असताना ट्रॅक्टर ठणठणीत चालतो, दुपारी तापला की त्याच चढावर पेडल पूर्ण दाबूनही रांगतो, आणि तासभर उभा ठेवला की पुन्हा बरा होतो. इंजिन कमी पडत असतं तर ते दबलं असतं. इथे इंजिन मोकळं फिरत असतं आणि चाकं जेमतेम हलत असतात. जुना ट्रॅक्टर विकत घेणाऱ्याने हे जरूर तपासावं. थंड ट्रॅक्टर दोन मिनिटं फिरवून काही कळत नाही. अर्धा-पाऊण तास ओझ्याखाली चालवून, तापवून, मग चढावर घालावा.

दुसरा शत्रू कचरा. डोळ्यांना साधारण ४० मायक्रॉनपेक्षा बारीक कण दिसत नाही, आणि पडदा फाडणारे कण त्याच्याहून किती तरी बारीक असतात. म्हणून डिपस्टिकवर तेल स्वच्छ दिसलं याला काही अर्थ नाही. नव्या ट्रॅक्टरच्या पहिल्या तासांतच सर्वांत जास्त कीस निघतो. त्यामुळे कंपन्या हायड्रोचा पहिला फिल्टर बऱ्याचदा ५० तासांनीच बदलायला सांगतात. मागच्या चाकांचं गिअर-ऑइल आणि हायड्रोचं तेल बऱ्याच ट्रॅक्टरांत एकच असतं, तेव्हा स्वस्तातलं कुठलंही तेल ओतलं तर दोन्ही बिघडतात. उत्तर अमेरिकेतल्या हिवाळ्यात शून्याखाली १५-२० अंशांवर ट्रॅक्टर सुरू करून लगेच बर्फ ढकलायला लागणं हेही तितकंच वाईट. तेल एवढं घट्ट असतं की ते फिल्टरमधून जात नाही, बायपास उघडतो आणि न गाळलेलं तेल आत जातं. तिथे पाच-दहा मिनिटं मध्यम रेसवर ट्रॅक्टर नुसता उभा चालवायचा, मग कामाला लावायचा.

आपल्याकडे छोटे ट्रॅक्टर अजून बहुतेक गिअरचेच आहेत. नाशिकच्या द्राक्षबागांत फिरणारेही गिअरवरच चालतात. पण हायड्रो महाराष्ट्रात वेगळ्या वाटेने आला आहे. पश्चिम महाराष्ट्रातली ऊसतोडणी यंत्रं तेलावरच चालतात. पूर्व विदर्भातल्या भातपट्ट्यात चिखलात उतरणारी पट्ट्यांची कंबाइन, भातलावणीची बसून चालवायची यंत्रं आणि रस्त्यावरचे व्हायब्रेटरी रोलर यांतही हेच पंप आणि हेच पितळी बूट आहेत. ही यंत्रं चालवणारे बहुतेक जण गिअरच्या ट्रॅक्टरवर शिकलेले. गिअरच्या ट्रॅक्टरवर ‘गिअर वर, रेस खाली’ हा डिझेल वाचवण्याचा चांगला उपाय आहे आणि हलक्या कामाला तो बरोबरच आहे. तोच उपाय त्यांनी भरल्या उसात हायड्रोवर केला तर वाचलेल्या डिझेलपेक्षा पंपाचा खर्च कैक पटींनी जास्त होतो, शिवाय हंगामात यंत्र उभं राहतं ते वेगळंच.

ही यंत्रं ज्यांच्या मालकीची आहेत त्यांना एवढंच सांगणं आहे. ड्रायव्हरला चावी देण्याआधी शेजारी बसवून चढावर पाय उचलायला शिकवा, ओझ्याला लो रेंज लावायची सवय लावा, कामाची रेस मीटरवरच्या खुणेला ठेवायला सांगा, आणि पहिल्या फिल्टरचे तास भरले की हंगाम कितीही जोरात असला तरी तो त्याच दिवशी बदला.